बडोद्यातली मराठी इतिहास व्याख्यानमाला, जावं का? माझं मत

सरळ सांगते, जा. राजमहाल रोडच्या बाजूला महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी बडोद्याच्या जुन्या गोष्टींवर मराठीतून जी व्याख्यानमाला होते ती मी गेल्या पावसाळ्यापासून ऐकतेय, कधी सासूबाईंना घेऊन, कधी नववीतल्या लेकीला ओढून, आणि लेकीला आता ओढावं लागत नाही हे आधीच लिहून टाकते. पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, काही गोष्टी खरंच सुधारायला हव्यात आणि सहज सुधारण्यासारख्या आहेत.

बडोद्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना इतिहास थोडा थोडा माहीत असतोच, सयाजीराव महाराज किती मोठे, राजवाडा किती मोठा, सोन्याची तोफ, हिरे, वगैरे. हे सगळं मोबाईलवर फिरत असतं, खाली तलवारीचा फोटो, मागे ढोल-ताशा, "तुम्हाला हे माहीत होतं का?" आणि संपलं. पुढे काय झालं ते नाही, कशावरून म्हणता ते नाही. या व्याख्यानमालेतले जे मुख्य वक्ते आहेत, आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो, रिटायर्ड आहेत आणि मोडी वाचतात, त्यांची एक पद्धत मला फार म्हणजे फार आवडली. प्रत्येक स्लाईडच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिलेला असतो, कागद, आठवण किंवा ऐकीव. म्हणजे ही गोष्ट दप्तरात सापडते, ही कुणीतरी नंतर आठवून लिहिली, आणि ही फक्त लोकांच्या तोंडी आहे. बस एवढंच, पण त्यामुळे ऐकणारा माणूस हुशार होतो. तिसऱ्या प्रकारची गोष्टसुद्धा ते रंगवून सांगतात, टाळत नाहीत, फक्त कोपऱ्यात "ऐकीव" असतं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते रेसिडेंटला, म्हणजे संस्थानात नेमलेल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, विष घातल्याच्या खटल्यावरचं. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण त्या दिवशी दोन तास कोणी हललं नाही.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळी फेरफटका मारून बंगल्यावर आले, टेबलावर रोजच्यासारखं पपनसाचं सरबत ठेवलेलं. दोन-तीन घोट घेतले, कसंतरी वाटलं म्हणून उरलेलं फेकून दिलं आणि मग ग्लासच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी, सीवर्ड नाव त्यांचं, तो गाळ तपासला तर त्यात सोमल म्हणजे आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड. आता इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, हिऱ्याची पूड म्हटलं की लक्षात राहतंच. पण सरांनी इथून मागे जायला सुरुवात केली. फेअर आणि तेव्हाचे बडोद्याचे राजे मल्हारराव महाराज यांचं अजिबात पटत नव्हतं, कारभाराबद्दल तक्रारींवर तक्रारी, १८७३ मध्ये इंग्रजांनी चौकशी कमिशन बसवलेलं, आणि विषाच्या आठवडाभर आधी, २ नोव्हेंबरला, मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला होता की या रेसिडेंटला इथून हलवा. सर थांबले आणि म्हणाले, आता तुम्ही सांगा, ज्यानं बदली मागितलीय तो माणूस आठवड्यात विष घालेल का? लगेच मागून एक काका म्हणाले, घालेल की, उत्तर यायला वेळ लागणार म्हणून. आणि हॉलमध्ये जी चर्चा सुरू झाली! ती सरांनी होऊ दिली हे महत्त्वाचं, नाहीतर आपल्याकडे प्रश्न शेवटी चिठ्ठीवर लिहून द्या म्हणतात.

मग खटला. फेअर यांच्या जागी सर लुईस पेली आले, जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली, आणि फेब्रुवारीत सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी तिघं कोण तर ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि ग्वाल्हेरचे जुने दिवाण सर दिनकरराव. अध्यक्ष होते बंगालचे चीफ जस्टिस सर रिचर्ड काऊच. मल्हाररावांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाईन हा त्या काळचा गाजलेला वकील आणला. बंगल्यावरचे नोकर, हवालदार, जमादार, आणि शेवटी महाराजांचे स्वतःचे सेक्रेटरी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले, ते सगळे जबाब. बॅलंटाईननं उलटतपासणीत नोकरांच्या जबाबांची कशी चिरफाड केली ते सरांनी प्रश्न-उत्तरं वाचूनच दाखवली, मराठी करून, आणि एका कॉलेजच्या मुलाला वकील केलं आणि दुसऱ्याला साक्षीदार. साधी आयडिया पण काय परिणाम झाला!

निकाल तीन-तीन. इंग्रज तिघं म्हणाले दोषी, हिंदी तिघं म्हणाले सिद्ध झालं नाही. आणि तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच, पण जाहीरनाम्यात विषाचं कारण दिलं नाही, गैरकारभाराचं दिलं. त्यांना मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ मध्ये गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तेव्हा त्यांच्या बाजूनं अर्ज केला होता, म्हणजे ही फक्त बडोद्याची भानगड नव्हती, सगळ्या मराठी मुलखात खळबळ होती. आणि त्याच वेळी सर हेही सांगतात की मल्हारराव काही बिचारे नव्हते, भावाच्या म्हणजे आधीचे राजे खंडेराव यांच्या विरुद्ध कट केल्याबद्दल ते १८६३ पासून पादरा गावी कैदेत होते, आणि गादीवर आल्यावर लोकांनी जे भोगलं त्याचे अर्ज पण आहेत. म्हणजे हिरो-व्हिलन काही नाही, तुम्हीच बसा आणि विचार करा. सासूबाईंनी शेवटी विचारलंच, "मग सर, विष घातलं कुणी?" तर ते म्हणाले, "आई, सहा न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, मी इथं स्टेजवरून कसं सांगू." मला या उत्तरासाठीच पाचपैकी सहा द्यावेसे वाटले.

त्याच्या पुढच्या महिन्यात जमनाबाई महाराणींवर एका बाईंचं व्याख्यान होतं, ते आधीच्या गोष्टीला असं जोडलेलं होतं की मालिकेचा पुढचा भाग वाटावा. खंडेराव १८७० मध्ये वारले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. म्हणजे मल्हाररावांना गादी मिळाली ती अटीवर, मुलगा झाला तर उठायचं. १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई, आणि मल्हारराव पक्के झाले. जमनाबाई पुण्याला निघून गेल्या. चार वर्षांनी मल्हाररावांची गादी गेली आणि याच बाईला दत्तक घ्यायला सांगितलं गेलं, २७ मे १८७५ ला कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक आला तो म्हणजे सयाजीराव. कवळाणं म्हणजे मालेगावजवळचं गाव, आणि पोराला अक्षरओळखसुद्धा नव्हती. "कशाला आलास?" असं विचारल्यावर तो "राज्य करायला" म्हणाला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय, त्या स्लाईडच्या कोपऱ्यात काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. व्याख्यान देणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की आपण त्या पोराच्या उत्तरावर इतके खूश होतो की प्रश्न विचारणाऱ्या घरात पाच वर्षं एका विधवा बाईनं काय काढलं असेल ते कोणी बघत नाही. मी मांडवीतल्या जमनाबाई हॉस्पिटलवरून लहानपणापासून जातेय, नाव वाचतेय, आणि त्या बाईबद्दल मला ओळीभर माहीत नव्हतं. बाईंचा आवाज थोडा हळू आहे आणि त्या कागद बघून वाचतात, पण अभ्यास जबरदस्त.

रेल्वेवरचं लेकीला सगळ्यात आवडलं. डभोई ते मियागाम, १८६२, खंडेराव महाराजांनी घातलेला नॅरोगेज रूळ आणि त्यावर गाडी ओढायला बैल. बैलगाडी रुळावर. यावर सगळे हसतात आणि पुढे जातात, पण इथे नीट समजावलं की बैल का. रूळ इतके हलके घातलेले की इंजिनाचं वजन पेलेना, इंजिन आणूनसुद्धा उपयोग झाला नाही, मग पुढे १८७३ मध्ये मजबूत रूळ टाकले, आणि तरी इंजिनं नियमित धावायला लागली ती १८८० पासून. आणि हे सगळं कशासाठी तर त्या भागातला कापूस मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या लाईनपर्यंत पोचवायला, अमेरिकेत तेव्हा यादवी चालू होती आणि इकडच्या कापसाला भाव चढलेला. अमेरिकेतलं युद्ध आणि डभोईचे बैल एका वाक्यात ऐकल्यावर लेक जी सरसावून बसली. नंतर प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कमध्ये स्वतःहून जाऊया म्हणाली. इतिहासाला पाठांतराचा विषय म्हणणारी मुलगी आहे ही, म्हणून मला त्याचं अप्रूप.

मोत्यांच्या चादरीवरचं ठीक होतं. म्हणजे गोष्टच अशी आहे की कोणीही सांगितली तरी तोंडात बोट जाईल, खंडेरावांनी मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालायला म्हणून बसऱ्याच्या मोत्यांनी मढवून घेतलेली, पण ते वारले आणि ती गेलीच नाही, बडोद्यातच राहिली, पुढे सीतादेवी महाराणींबरोबर परदेशात गेली आणि २००९ मध्ये दोहाच्या लिलावात साधारण ५५ लाख डॉलरला विकली गेली. वक्ते पाहुणे होते, छान बोलले, पण मोती किती, हिरे किती, डॉलर किती यातच तास गेला. मराठा राजा मदिनेसाठी चादर का करवून घेतो, तेव्हाच्या बडोद्यात मांडवीच्या आसपास हिंदू-मुसलमान कसे राहायचे, दरबारात कोण होतं, हे मला ऐकायचं होतं आणि ते आलंच नाही.

आता दिल्ली दरबार. १२ डिसेंबर १९११, पंचम जॉर्ज बसलेत, सगळे राजे एकेक करून जातात, लवून मुजरा करतात, उलट्या पावली मागे येतात. सयाजीराव एकदाच मान लववतात आणि पाठ फिरवून चालू लागतात, अंगावर दागिनेही फारसे नाहीत. याची फिल्म आहे, ती स्क्रीनवर दाखवली, काही सेकंदांचीच, पण सगळा हॉल श्वास रोखून. टाळ्या पडल्या. आणि मग सर म्हणाले की आता पुढचं ऐका. इंग्लंडच्या पेपरात आरडाओरडा झाला, आणि महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंगला दिलगिरीचं पत्र लिहिलं, तेही छापून आलं. हॉल एकदम थंड. एक-दोघांना आवडलं नाही हे, एक जण मोठ्यानं म्हणाले की असं कशाला सांगता, महाराजांचं नाव खराब होतं. सरांनी शांतपणे सांगितलं की ज्या माणसाकडे राज्य होतं, शाळा होत्या, लायब्ररी होती आणि ते सगळं एका सहीनं काढून घेतलं जाऊ शकत होतं, मल्हाररावांचं काय झालं ते ज्याच्या गादीच्या आधीच घडलं होतं, त्या माणसानं ते पत्र का लिहिलं असेल याचा विचार करा, मग तो छोटा होतो की मोठा ते ठरवा. मला स्वतःला तो मोठाच वाटला, पाठ फिरवण्यापेक्षा ते पत्र लिहायला जास्त जड गेलं असणार. माझ्या मते ही व्याख्यानमाला चांगली आहे ती इथे. चकित करणारा प्रसंग सांगून टाळ्या घेता आल्या असत्या, घेतल्याही, पण त्याच्या पुढचं पान उलटलं.

आणि एक पान तर असं उलटलं की घरी येताना आम्ही तिघी रिक्षात गप्प होतो. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला बडोद्याची स्कॉलरशिप मिळाली हे आपल्याला माहीत असतं आणि बडोदेकर म्हणून आपण ते अभिमानानं सांगतो, सांगायलाच पाहिजे. करारात होतं की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची. ते १९१७ मध्ये आले, अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात लागले, आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत वरच्या मजल्यावर पारशी नाव सांगून राहिले, दिवसाचं भाडं भरून, आणि काही दिवसांत काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिश्चन मित्र, दोघांकडे गेले, जागा नाही. मग गाडीची वेळ होईपर्यंत कामाठीबागेत बसून राहिले आणि मुंबईला परत गेले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, त्यातलेच उतारे सरांनी वाचले, स्वतःचं एकही विशेषण न लावता.

त्या दिवशी संस्थानातल्या शाळांचाही विषय आला. अमरेलीत १८९३ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, १९०६ पासून सगळ्या राज्यात, मुलींनासुद्धा. अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी, शाळा त्याच्याही आधीपासून, पण तिथे शिकवायला सवर्ण मास्तर मिळत नव्हते म्हणून मुसलमान शिक्षक आणि नंतर आर्यसमाजी. म्हणजे हुकूम निघत होते, पैसे मिळत होते, आणि तरी वाड्यात खोली मिळत नव्हती. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांचं माहेर घडियाळी पोळेतलं, त्या म्हणाल्या आमच्या घरातही कोणी दिली नसती खोली. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. कामाठीबागेत बाबासाहेबांच्या त्या प्रसंगाची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे, तिथे आम्ही पुढच्या रविवारी गेलो, लेकीनं फलक उभं राहून पूर्ण वाचला.

तंजावरच्या नाचावरचं व्याख्यान पण सुंदर होतं, प्रात्यक्षिकासकट. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई तंजावरच्या, १८८० मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांच्याबरोबर नर्तकी, नट्टुवनार म्हणजे नाच शिकवणारे गुरू, वाजवणारे अशी मंडळी आली आणि दरबारात कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, नोकरीला लागली. त्यातल्या कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावूरकर पुढे इथेच शिकवायचे. आज बडोद्यात ज्या मुली भरतनाट्यम शिकतात त्यातल्या कितीजणींना माहीत असेल की मराठी राणीच्या लग्नामुळे हे इथे आलं? महाराष्ट्रापासून तंजावर लांब, बडोदं लांब, आणि दोन्हीकडे मराठी घराणी. माझा आक्षेप एकच की नाच करणाऱ्या मुलीला जेमतेम दहा मिनिटं दिली आणि आधी सत्कार अर्धा तास चालला.

तर सत्कार. हा पहिला मुद्दा ज्यासाठी स्टार कापला. वेळ साडेपाचची लिहिलेली असते, सुरुवात सहाला, मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रायोजकांची नावं, कुणाचा तरी परिचय जो व्याख्यानाएवढाच लांब. लोक तिकीट काढून येतात हो, म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असतात, हे पाच मिनिटांत आटपा. दुसरं म्हणजे माईक. शिट्टी मारतो, मग बंद पडतो, मग कोणीतरी पळत जातं. आणि तिसरं, स्लाईडवरचा मजकूर बराचसा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. मराठी कार्यक्रम आहे, मोडी कागदाच्या शेजारी देवनागरीत एक ओळ मोठ्या अक्षरात दिलीत तर मागच्या रांगेतल्यांना पण वाचता येईल. मी हे फीडबॅकच्या वहीत लिहिलंय, इथेही लिहिते.

आणि एक व्याख्यान मला अजिबात आवडलं नाही, राजवाड्यातली भुयारं आणि लपवलेले खजिने यावरचं. पाहुणे वक्ते, नाव घेत नाही, बोलायला तुफान, पण एकही कागद नाही, नकाशा नाही, फक्त "असं म्हणतात" आणि "आमच्या ओळखीच्या एकांनी बघितलंय". त्यांच्या स्लाईडवर कोपऱ्यातला शब्दही नव्हता. आणि त्याच दिवशी हॉल सगळ्यात जास्त भरलेला, लोक उभे होते, याचंच वाईट वाटलं. आयोजकांना कळकळीनं सांगणं आहे की गर्दी झाली म्हणून अशी अजून ठेवू नका, आणि ठेवलीत तर सरांचा नियम सगळ्यांना लावा.

वर्षातून एकदोनदा वॉक पण असतो सकाळी, त्याचे पैसे वेगळे. तांबेकर वाड्याचा वॉक मी केलाय, तो चुकवू नका. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा रावपुऱ्याच्या गर्दीत आतल्या बाजूला आहे, पुरातत्त्व खात्याकडे आहे, बाहेरून बघाल तर काही कल्पना येत नाही, आणि आत भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांची लढाई, टोपीवाले साहेब, बायका. मराठी पद्धतीची इतकी भित्तिचित्रं एका घरात आणि आपण खाली दुकानात ब्लाऊजपीस बघून घरी जातो. जिने अरुंद आणि उंच आहेत, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी जपून, सासूबाई खालीच बसल्या. आत फ्लॅश मारू नका, रंग उडतात, हे सांगूनही दोघांनी मारलाच. वॉकची वेळ सकाळी लवकरची असते ती उत्तम कारण नऊनंतर दांडिया बाजारकडून रावपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. शेवटी सगळ्यांनी मिळून सेवउसळ खाल्ली, तिखट तर्री मागून घेऊन, आणि खरी प्रश्नोत्तरं तिथेच झाली.

कोणी जावं? ज्यांच्या घरी तिसरी-चौथी पिढी बडोद्यात आहे त्यांनी तर जावंच. मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत अशा घरातल्यांनी मुलांना न्या, आठवी-नववीच्या पुढची, लहान मुलं कंटाळतात आणि दोन तास जास्त होतात. सर बोलतात ते आपलं बडोद्याचं मराठी, मध्ये गुजराती शब्द येतात, पोळ, वाडी, दरवाजा सगळं आपल्या ओळखीचं, त्यामुळे आमच्या शेजारच्या गुजराती काकूसुद्धा येतात आणि त्यांना नव्वद टक्के कळतं. ज्यांना सन-सनावळ्या पाठ आहेत आणि नवीन संशोधन पाहिजे त्यांना कदाचित थोडं सोपं वाटेल. पण त्यांनीही प्रश्नोत्तरांपर्यंत थांबावं, तिथे सर खोल जातात. फक्त प्रश्न विचारणाऱ्यांना हात जोडून विनंती, प्रश्न विचारा, स्वतःच्या खापरपणजोबांचं चरित्र सांगू नका. अपवाद एक आजोबा, त्यांनी लहानपणी गावात येणाऱ्या फिरत्या लायब्ररीच्या लाकडी पेटीची आठवण सांगितली, पेटी उघडली की आधी कोण पुस्तक उचलणार यावरून भांडणं व्हायची म्हणे, ते सगळ्यांनी मन लावून ऐकलं.

आणि त्यावरूनच माझी एक मागणी आहे, लायब्ररीवर एक पूर्ण व्याख्यान ठेवा. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या माणसाला बोलावून सयाजीरावांनी सगळ्या राज्यात ग्रंथालयं उभी केली, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशा आहेत ज्यातून उजेड खालच्या मजल्यापर्यंत जातो, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत लायब्ररीचं मासिक निघायचं. आतापर्यंत हे फक्त येता-जाता एखाद्या वाक्यात आलंय. हे व्याख्यान त्या लायब्ररीतच झालं तर काय बहार येईल, परवानगीचं बघा जमलं तर.

प्रॅक्टिकल माहिती: एका व्याख्यानाचं तिकीट एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी आहे, सीझन पास घेतलात तर अजून स्वस्त पडतं, विद्यार्थ्यांना अर्धं. ऑनलाईन काही नाही, हॉलच्या दारात रोख किंवा क्यूआर. चहा मिळतो, बरा असतो. पार्किंग नाही असंच समजा, टू-व्हीलर कशीबशी लागते, गाडी आणू नका, रिक्षा करा, आणि परत जाताना रिक्षा हॉलसमोर न शोधता मेन रोडवर येऊन शोधा, लगेच मिळते. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असतात पण सुरू झाल्यावर रिकाम्या राहिल्या तर बसू देतात, सासूबाईंना दरवेळी बसवतात. लिफ्ट नाही, पण हॉल तळमजल्यावरच आहे आणि व्हीलचेअरसाठी मागच्या दारानं उतार आहे, तिथे दिवा नसतो म्हणून टॉर्च ठेवा.